स्तोत्र 23 म्हणताना अडकलेल्या काकू

गेल्या पावसाळ्यात शरणपूर रोडकडच्या एक काकू आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छत्रीसुद्धा खाली न ठेवता म्हणाल्या, "ताई, बायबलची वचनं पाठच राहत नाहीत. माझा विश्वास आटलाय का?"

यजमानांच्या दफनविधीनंतर घरच्या प्रार्थनेत चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना बायबलमधलं स्तोत्र 23 म्हणायला सांगितलं होतं. संडे स्कूलपासून तोंडपाठ असलेलं. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' इथवर आल्या आणि पुढचा शब्द फुटेना. शेजारणीने पुरं केलं. तेव्हापासून पहाटे उठून रोज पाच वचनं वहीत उतरवायच्या. संध्याकाळपर्यंत निम्मी विसरलेली असायची, मग रडू.

आधी मी साध्या गोष्टी विचारल्या. गॅस चालू राहतो का? ओळखीचा रस्ता चुकता का? तसं काही नव्हतं; असतं तर आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. झोप मात्र तीन-चार तासांची. दुःखात आणि अपुऱ्या झोपेत लक्ष ठरत नाही, आणि लक्ष ठरलं नाही की पाठांतरही ठरत नाही. त्यात विश्वास मोजायला जाऊ नये, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग म्हटलं, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणाल? सगळी कडवी सलग म्हटली! चालीने शब्द धरून ठेवले होते. स्तोत्र 119 च्या मूळ हिब्रू रचनेतही असाच आधार आहे: 22 अक्षरं, प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या आठ ओळी.

खरी गाठ पुढे सापडली. लहानपणचं पाठांतर आजीच्या बायबलमधलं, आणि आता त्या पडताळायच्या मोबाइलवरच्या सोप्या भाषेतल्या अनुवादाशी. जुने शब्द ओठांवर आले की "चुकलं" म्हणून स्वतःच खोडायच्या. मी म्हटलं, "काकू, पाठांतरापुरतं आजीचंच बायबल धरा." आठवड्याला एकच वचन. पुस्तक मिटून आधी आठवायचं, मगच उघडून बघायचं. पुन्हा दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने. आणि म्हणायचं मोठ्याने, भाकरी थापताना. स्तोत्र 1 मध्ये 'रात्रंदिवस मनन' असं आहे, तिथल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ पुटपुटणं. यशयाच्या ग्रंथात तेच पारव्याच्या घुमण्यासाठी आलंय.

त्या जिथे अडकल्या होत्या ती ओळ आम्ही एकत्र वाचली. तोवर स्तोत्रकर्ता दावीद देवाविषयी बोलत असतो: तो मला बसवतो, तो मला नेतो. दरी आली आणि 'तो'चा 'तू' झाला: 'कारण तू माझ्याबरोबर आहेस'. काकू बराच वेळ त्या एका शब्दावर बोट ठेवून बसल्या. मीही काही बोलले नाही.

वर्षश्राद्ध आपण ख्रिस्ती लोक करत नाही, पण स्मरणाची प्रार्थना ठेवतो. त्यानंतर त्या भेटायला आल्या. "परत तिथंच अडकले, ताई. पण या वेळी थांबून राहिले. शेजारीण सांगायला लागली, तिला हाताने गप्प केलं. आधी नुसतं 'तू' आलं. मग बाकीचं आलं, काठीपर्यंत."