जुन्या चांदीवरचे शिक्के वाचताना

इतवारीच्या सराफ्यात जुना चहाचा सेट दिसला की आधी भाव विचारू नका, भांडं उलटं करा. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असू द्या आणि उजेड तिरपा पाडा, म्हणजे झिजलेला ठसाही उठून दिसतो.

चालता सिंह म्हणजे इंग्लंडची ९२५ शुद्धतेची चांदी. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. राजा किंवा राणीचा चेहरा हा कराचा शिक्का, तो १७८४ ते १८९० या काळातला. वर्षाचं अक्षर, म्हणजे ठसा कोणत्या वर्षीचा ते सांगणारं अक्षर, मात्र तेवढंच एकटं वाचू नका. तेच अक्षर वर्णमालेच्या दर फेरीत परत येतं, म्हणून त्याची चौकट आणि अक्षराचं वळण दोन्ही जुळवा.

‘ईपीएनएस’ (EPNS, इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) दिसलं तर तो नुसता चांदीचा मुलामा. कडा घासलेल्या जागी खालचा धातू डोकावतो.

आपल्याकडच्या कामावर सरकारी शिक्का शोधत बसू नका. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीचा हत्ती, भुजच्या उमरसी मावजींचं ‘ओएम’, ही कारागिरांचीच निशाणी. घरगुती तांब्या-वाट्यांवर तर बहुधा काहीच नसतं. तिथे कस लावून घ्या.

आणि शिक्क्यावर पॉलिश घासू नका, कृपा करून! गेलेला ठसा परत येत नाही.