प्रजाती की जाती?

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय: ठाणे खाडीत फ्लेमिंगोच्या दोन ‘प्रजाती’ येतात म्हणावं, की दोन ‘जाती’?

जाती. मोठा रोहित आणि छोटा रोहित. मराठी विश्वकोशात सजीवांच्या वर्गीकरणात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी. एका प्रजातीत अनेक जाती. हिंदी बातम्यांतली ‘प्रजाति’ (तिथे अर्थ आपली जाती) आपण न बघता उचलली आणि पायऱ्यांची अदलाबदल झाली. त्यात दर हिवाळ्यात ऐकावं लागतं, ‘ही बगळ्याचीच एक प्रजाती’! शब्दही चुकला आणि नातंही.

काहींचा आग्रह असतो की प्रजाती सोडा, ‘वंश’ म्हणा. मला तो साफ अमान्य आहे. संस्कृतात वंश म्हणजे बांबू; आपल्या घराचा वासा त्यातूनच आला. पेरावर पेर, एक सरळ रेघ. राजांच्या यादीला ठीक. सजीवांना फाटे फुटतात, तिथे जन्म सांगणाराच शब्द हवा. जाती, प्रजाती दोन्ही ‘जन्’ धातूचे. लॅटिन ‘गेनुस’, म्हणजे शास्त्रज्ञांचं जीनस (आपली प्रजाती), त्याच मुळाचं, इंग्रजी ‘किन’ही. नुसत्या साम्यावरून नाही म्हणत. संस्कृत ज, लॅटिन ग, इंग्रजी क ही साखळी इतरत्रही सापडते: गुडघा म्हणजे जानु, गेनू आणि ‘नी’. त्या ‘नी’च्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ एके काळी उच्चारला जायचा. असा नियम जुळला तरच नातं. नाहीतर फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ बघा: उच्चार जवळचा, अर्थ एक, नातं शून्य.

पक्ष्यांतही हेच झालं. लांब पाय, लांब मान पाहून रोहिताला पूर्वी करकोच्यांत बसवत, कुणी बदकांत. पण उथळ पाण्यात चालून पोट भरायचं तर लांब पाय कुणालाही स्वतंत्रपणे येऊ शकतात. तो पुरावा नव्हे. २००१ साली रेण्वीय, म्हणजे डीएनएच्या, तुलनेतून रोहिताचा सर्वांत जवळचा नातलग निघाला तो टिबुकलीचा गट! आपल्या तळ्यांत बुड्या मारणारी, बुटकी, आखूड पायांची टिबुकली. दिसण्यात काडीचं साम्य नाही, पण दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो. करकोचा बघत बसलेल्यांनी अंडी आधी बघायला हवी होती.