ओढ्याची जुनी वाट

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. पुरंदरमध्ये कामाला लागलीस, छान झालं. तालुक्याचा दुष्काळ-पुराचा आराखडा दोन महिन्यांत द्यायचाय आणि ‘लोकसहभाग’ या रकान्यात काय लिहू, असं विचारतेस. तूर्त तो कोराच ठेव.

आधी शिवारफेरी कर. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, पायी, गावातलं एखादं जुनं माणूस सोबत घेऊन. माझी फजिती सांगतो. ऐन उमेदीत एका गावात नालाबांध घातला. जागा मी नकाशावर हेरलेली. श्रमदानाला शंभरेक माणसं आली, फोटो निघाले. खालच्या वस्तीवरच्या एक आजी सांगत होत्या, “मोठ्या पावसात ओढा जुन्या वाटेनं जातो, बाबा.” मी मान डोलावली आणि पुढे गेलो. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी बांधाला वळसा घालून बाजूनं फुटलं आणि त्यांच्याच कांद्याच्या रानाची माती घेऊन गेलं. सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, अरुंद होता, हेही खरं. पण घाम सगळ्यांनी गाळला आणि ठरवलं मी एकट्यानं. त्याला मी तेव्हा लोकसहभाग म्हणायचो!

कचेरीत दुष्काळाची फाईल वेगळी, पुराची वेगळी. ओढा मात्र एकच असतो. २०१९ आठव. उन्हाळाभर पुरंदर-बारामतीत टँकर फिरले. आणि २५ सप्टेंबरच्या रात्री काही तासांच्या पावसानं कऱ्हेला पूर आला, नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं, बारामतीत नदीकाठची हजारो माणसं हलवली. त्याच रात्री इकडे पुण्यात आंबिल ओढ्यानं घरं आणि माणसं नेली. उघडे डोंगर, वर पातळ माती, खाली काळा पाषाण. असा पाऊस मुरायला थांबतच नाही.

म्हणून गावाला विचार, रात्री दोनला पाणी चढलं तर वरच्या गावातून खाली फोन कोण करणार? गुरं कुठे न्यायची? गुरं सोडून माणूस घराबाहेर पडत नाही, हे आपल्या आराखड्यांत कधी येतच नाही. नदीपात्रात पालं ठोकून राहणारी तर कोणाच्याच यादीत नसतात. त्यांच्याकडे तू स्वतः जा.

आता पाण्याच्या वाटणीचं. तुझ्याच तालुक्यातलं नायगाव नीट समजून घे. १९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे विलासराव साळुंखे तिथे गेले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चातला काही हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः घालायचा. या नियमांवर भांडणं झाली नसतील असं समजू नकोस. पाण्याचा नियम भांडणाशिवाय ठरला, तर कोणीतरी गप्प बसलंय असं मी धरून चालतो.

गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकव. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र, त्या वर्षीचा पाऊस, माणसांना-गुरांना किती, उरलं किती, हे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही. हिवरे बाजारला दरवर्षी असा हिशोब करून मगच पिकं ठरवतात. आकडा भिंतीवर आला की बोअरवाल्यांची कुजबुज सुरू होते. होऊ दे.

एक बारीकसं. बैठक सकाळी अकराला ठेवू नकोस. बायका खुरपणीला गेलेल्या असतात आणि टँकरची रांग कुठे तुटते, कोणाच्या हंड्याला पाणी उरत नाही, हे त्यांनाच माहीत असतं. रात्री भाकऱ्या उरकल्यावर बस. पारावर नाही, कोणाच्या तरी अंगणात. पारावर त्या येत नाहीत. आणि पहिल्या दोन बैठकांत तू बोलूच नकोस. (मला हे कधी जमलं नाही, तुझी काकू सांगेल.)

मुदत वाढवून माग. नाहीच मिळाली तर एकाच ओढ्याचं काम पूर्ण कर, तालुक्याचं अर्धवट नको. नायगावला जाशील तेव्हा आधी कळव, मीही येतो. स्वारगेटहून सकाळची एसटी धरू, डबा काकू देईल.

तुझा
काका