डायनासोरच्या पायातलं वजन

कोथरूड, पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी बारा सेकंदांची क्लिप काल रात्री चार वेळा पाहिली, आज सकाळी चहा घेताना पुन्हा एकदा. तू विचारलंस, ‘मावशी, अगदी जुन्या माहितीपटातल्यासारखं वाटतंय ना?’ हो, वाटतंय. रंग उडालेले आहेत, चित्रावर ओरखडे आहेत, कडांना धूळ आहे आणि तुझा लांब मानेचा प्राणी तसेच झटके देत चालतो. आधी कॉम्प्युटरवर त्याला सुरळीत चालवलंस आणि मग मधल्या फ्रेम काढून टाकल्यास, हेही तू सांगून टाकलंस, ते बरं केलंस. पण बाळा, त्याच्या पायावर भार पडत नाही. पाऊल टेकतं, पण इतका मोठा देह त्या पावलावर आला असं कुठेच जाणवत नाही. हे पत्र त्या एका गोष्टीसाठी आहे.

ही ओढ काय असते ते मला माहीत आहे. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या वाड्यात शेजाऱ्यांकडे अमेरिकेहून एक कॅसेट आली होती. क्रिस्टोफर रीव्हने निवेदन केलेला, १९८५ सालचा ‘डायनासोर!’ हा टीव्हीवरचा माहितीपट. तिकडची कॅसेट एनटीएससी, आपले टीव्ही पाल, म्हणजे चित्र दाखवायच्या दोन वेगळ्या पद्धती, त्यामुळे रंग नाहीच आणि चित्र सारखं वर सरकायचं. तरी आम्ही आठ-दहा जण चटईवर बसून शेवटपर्यंत पाहिलं. त्यातलं जंगल मला अजून जसंच्या तसं आठवतं. शिंगवाला मोनोक्लोनियस एकटाच चरतोय आणि त्याच्या मागावर टायरॅनोसॉरस आहे. चरता चरता तो थबकतो. मान पूर्ण वळत नाही, जरा उचलली जाते आणि तिथेच राहते. तेवढ्यात आमच्यातलं एक लहान पोर म्हणालं, ‘त्याला ऐकू आलं.’ बाहुल्याला ऐकू आलं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

तो प्रसंग फिल टिपेट या अमेरिकन ॲनिमेटरने आधी, १९८४ साली, स्वतःच्या गॅरेजमध्ये हौसेने केलेल्या छोट्या फिल्ममधला. तो थबकलेला प्राणी आपल्या मनात राहतो, आणि आपल्याला वाटतं की राहिली ती फिल्मची धूळ. तुझी गफलत इथे झाली आहे असं मला वाटतं.

झटक्यांचंच घे. जिवंत प्राणी पळताना कॅमेऱ्यात त्याचा पाय किंचित पुसट येतो, कारण शटर उघडं असताना पाय हललेला असतो. या फिल्मांत बाहुलं जरासं हलवायचं, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायचं. म्हणजे बाहुलं प्रत्येक फ्रेमला स्थिर असतं, त्यामुळे प्रत्येक चित्र लख्ख येतं आणि ती लख्ख चित्रं जोडली की डोळ्याला ठेच लागते. हा दोष आहे हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं आणि तो घालवायला त्यांनी जिवाचा आटापिटा केला. टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शटर उघडं असतानाच बाहुल्याला मोटरने हलवायची युक्ती काढली. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये ती वापरली आहे. त्यांनी वर्षानुवर्षं जे पुसायचा प्रयत्न केला, ते तू एका बटणाने वर चिकटवलंस. मला खरंच वाईट वाटलं. ओरखडे काढून टाक. खालचं जे उरेल ते मला पाठव, कसंही असो.

एक गोष्ट सांगते. १९३३ साली ‘किंग काँग’ पाहून रे हॅरीहाउसेन नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा वेडा झाला आणि घरीच बाहुली करू लागला. पुढे धीर करून त्याने त्या चित्रपटातले प्राणी हलवणाऱ्या विलिस ओब्रायनला गाठलं आणि आपला स्टेगोसॉरस दाखवला. ओब्रायन म्हणाला, पाय सुरकुतलेल्या सॉसेजसारखे दिसताहेत, शरीररचना शीक, स्नायू हाडाला कुठे लागतो ते बघ. पोरगा रुसला नाही, शिकायला गेला. १९४९ च्या ‘मायटी जो यंग’मध्ये दोघांनी एकत्र काम केलं, आणि १९५६ मध्ये ‘द ॲनिमल वर्ल्ड’ या माहितीपटातले डायनासोरही त्या जोडीने केले. त्या सगळ्या माहितीपटातलं लोकांना आज आठवतं ते बहुतेक तेवढंच. मी ओब्रायन नाही, पण तुझ्या प्राण्याचे पाय मलाही तसेच दिसले, म्हणून लिहिलं.

आता काय करायचं ते सांगते. परवा सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर जा. खाणीच्या बाजूला मोर-लांडोरी असतात. मोराकडे बघू नकोस, त्याचा पिसारा लक्ष खाऊन टाकतो. लांडोर बघ. ती पाऊल उचलते तेव्हा बोटं मिटतात, मूठ आवळावी तशी. पाय पुढे येईपर्यंत मिटलेलीच असतात, टेकायच्या जरा आधी उघडतात. मग पाऊल टेकतं, पण अंग लगेच त्यावर येत नाही. आधी मान पुढे जाते, मग अंग, आणि मगच मागचा पाय मोकळा होतो. हे मी दुर्बिणीतून किती वेळा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. पक्षी हे डायनासोरांच्याच वंशातले, त्यामुळे लांडोर बघणं म्हणजे मूळ ग्रंथ उघडणं आहे. तुझ्या लांब मानेच्या प्राण्यासाठी मात्र कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्तीसमोर तासभर उभा राहा. मोबाइलवर शूटिंग करू नकोस. वहीत काढ, काड्यांची चित्रं चालतील. कुठला पाय कधी उचलला, खांदा कधी खाली गेला, एवढंच.

टेकडीवर असशील तेव्हा पायाखालीही बघ. तो काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा, डायनासोरांच्या अखेरच्या काळातला. पुण्यात त्यांची हाडं सापडत नाहीत ती त्यामुळे. पण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात सापडतात! डोंगरगावला मिळालेल्या हाडांवरून १९९७ साली वर्णन झालेला एक अवाढव्य शाकाहारी आज इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. पुढचे पाय लांब, मान तुलनेने आखूड. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात, आणि त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं सगळे धरून चालले होते. तू अमेरिकेतल्या ब्रोंटोसॉरसची सतरावी नक्कल कशाला करतोस? हा आपल्या मातीतला प्राणी कर, आणि त्याच्या पायाशी गवत लाव. ते गवत ओब्रायनच्या सेटवर शोभलं नसतं, तुझ्या सेटवर शोभेल.

जुन्या चित्रांतल्या चुकांबद्दलही तू विचारलं होतंस. शेपटी जमिनीवर फरफटणारा, उभा कांगारूसारखा टायरॅनोसॉरस आज चुकीचा ठरलाय हे खरं, पण त्या काळच्या विज्ञानाशी तो इमानी होता. कारेल झेमानचा १९५५ चा चेक चित्रपट मिळाला तर जरूर बघ. चार मुलं होडीतून नदीवाटे भूतकाळात जातात. त्यात मेलेल्या स्टेगोसॉरसवर चढून ती मुलं त्याची मापं घेतात. हे मला फार आवडतं. भीती नाही, किंकाळ्या नाहीत, वही आणि टेप. चूक दुरुस्त करून त्यांच्याइतकंच इमानाने कर, म्हणजे झालं.

हाताने करायचंच असेल तर (आणि करावंस असं मला मनापासून वाटतं) बोहरी आळीतून ॲल्युमिनियमची तार आण. एकेरी वापरू नकोस, गुडघ्यात हमखास तुटते. दोन-तीन पदर पिळून घे. प्रत्येक पावलात नट बसव आणि प्लायवूडला भोक पाडून खालून स्क्रूने आवळ, नाहीतर एक पाय उचलला की प्राणी आडवा होईल. शाडू घेऊ नकोस, वाळला की तडकतो. तेलाची माती घे, पण एप्रिलच्या दुपारी ती लोण्यासारखी होते, म्हणून काम रात्री. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर तुझ्या बारा सेकंदांना २८८ फ्रेम लागतात. दोन-दोन फ्रेमला एक हालचाल धरली तरी १४४ वेळा तुला त्या प्राण्याला हात लावावा लागेल, आणि प्रत्येक वेळी विचारावं लागेल, आता भार कुठे आहे? हा प्रश्न कॉम्प्युटर तुला विचारत नाही, म्हणून तो राहून गेला.

उजेड बदलायला नको, म्हणून खिडकी पूर्ण बंद कर आणि मोबाइलचा एक्स्पोजर लॉक कर. १९९२ साली मुलांच्या एका शैक्षणिक फिल्मसाठी मी मातीची गोगलगाय तीन रात्री चालवली होती. पहाटे सहाला सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायची आणि दिवे किंचित मंद व्हायचे. डोळ्याला कळलं नाही. फिल्म धुऊन आली तेव्हा दर थोड्या वेळाने गोगलगायीवर सावली येऊन गेल्यासारखं दिसत होतं. सगळं टाकून द्यावं लागलं. मी खूप रडले आणि चौथ्या रात्री पुन्हा बसले. ती दुसरी गोगलगाय पहिलीपेक्षा चांगली चालली, कारण तोवर माझ्या बोटांना तिची चाल पाठ झाली होती.

स्टुडिओतली नोकरी सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढ. कॉम्प्युटरशी माझं भांडण नाही. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये बाहुल्यांची जागा कॉम्प्युटरने घेतली, तेव्हाही टिपेटच्या माणसांनी सांध्यांना सेन्सर लावलेला धातूचा सांगाडा हाताने हलवला आणि ती हालचाल कॉम्प्युटरमध्ये गेली. प्राणी कसा चालतो हे त्या हातांना माहीत होतं, म्हणून त्यांची गरज संपली नाही. तुझ्या हातांना ते एकदा कळू दे, मग माउस धर नाहीतर माती.

आणि हे सगळं परदेशी आहे असं समजू नकोस. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम घेत वाढताना टिपलं होतं. पुढे आगकाड्याही नाचवल्या. त्या कुंडीजवळ रोज जाऊन बसणारा माणूस मला नेहमी डोळ्यांसमोर येतो.

रविवारी संध्याकाळी ये. माझ्याकडे सुईचा जुना स्टँड आहे. हलवण्याआधी बाहुल्याच्या नाकाला सुई टेकवून ठेवायची, म्हणजे नाक किती सरकलं ते कळतं. तो तुला देऊन टाकते, माझा हात आता थरथरतो. येताना लांडोरीची वही आण आणि इसिसॉरसचा नुसता तारेचा सांगाडा आण. माती अजून लावू नकोस. आधी तो तारेचाच एक पाऊल टाकताना बघू.

तुझी,
मावशी