सीमावर्ती समाजांचा इतिहास म्हणजे नेमका कशाचा अभ्यास?

प्रश्न असा आहे: 'उत्तर मध्ययुगातले सीमावर्ती समाज' हा एखाद्या इतिहासकाराचा विषय असतो, तेव्हा तो लढाया आणि तहांपलीकडे काय शोधतो? आणि मराठी विद्यार्थ्याला यात काही करण्यासारखं आहे का?

मी संशोधक नाही, इतिहासात एम.ए. केलंय आणि दख्खनवरचं या धर्तीचं काम आवडीनं वाचतो. म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो.

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधला रायचूर दुआब. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिल्यापासून 1565 पर्यंत विजयनगर आणि उत्तरेकडचे सुलतान या पट्ट्यासाठी भांडत राहिले. शाळेत आपण हे 'हिंदू विरुद्ध मुसलमान' म्हणून एका ओळीत उरकतो. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या इतिहासकारांनी राजधान्या जरा बाजूला ठेवल्या आणि रायचूर, कल्याणी, वरंगळ ही ज्यांच्यापायी भांडणं झाली ती ठाणी हातात घेतली. बखरी-तवारिखांच्या जोडीला दरवाजे, बुरूज, तोफा, शिलालेख तपासले. असं पाहायला लागलं की किल्ला कोणी जिंकला हा प्रश्न मागे पडतो आणि हद्दीवर कोणाकोणाचं पोट चालत होतं हे दिसायला लागतं.

1520 च्या रायचूरच्या लढाईचंच बघा. फेर्नांव नुनिश हा पोर्तुगीज पुढे 1530 च्या दशकात विजयनगरात राहिला, त्यानं तिची हकीकत लिहून ठेवलीय. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय यानं सिदी मरकार नावाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याला 40,000 परदाव (सोन्याची नाणी) देऊन गोव्याला घोडे आणायला पाठवलं. दख्खनच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे, त्यामुळे अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर सगळ्यांचीच फौज अवलंबून. तर हा गृहस्थ पैसे घेऊन फोंड्याला गेला आणि तिथून थेट विजापूरच्या आदिलशहाकडे. रायानं माणूस परत मागितला. आदिलशहानं टाळाटाळ केली, उलट त्याला दाभोळ देऊन टाकलं. लढाईचं निमित्त हे! मूळ हाव अर्थातच दुआबाची होती, पण निमित्त म्हणून असा माणूस पुढे येतो यातच त्या काळच्या हद्दीचा स्वभाव कळतो.

वेढ्याचं वर्णन तर मुळातून वाचावं असं आहे. रायाचे लोक कुदळी-पहारी घेऊन तटाला भिडले. माणसं पडायला लागली तेव्हा सरदारांनी तटातून उखडलेले दगड सैनिकांकडून विकत घ्यायला सुरुवात केली: दगड बघून 10, 20, अगदी 50 फनमपर्यंत (फनम म्हणजे छोटं नाणं). म्हणजे शत्रूची भिंत नगावर मोजून पाडली जात होती. क्रिस्तोव्हांव द फिगैरेदो नावाचा पोर्तुगीज आपले बंदूकधारी घेऊन रायाच्या मदतीला होता, आणि आदिलशाही फौजेतही पोर्तुगीज होतेच. ईटन यांचं यापुढचं निरीक्षण मला सगळ्यात आवडतं. लढाई जिंकणारं विजयनगर तोफांच्या बाबतीत निवांत राहिलं. हरलेल्या विजापूरनं मात्र बुरुजांवर फिरत्या तोफा बसवण्यापर्यंत मजल मारली. हे दरबारी इतिहासात सापडत नाही, बुरुजावर चढून मोजमाप घ्यावं लागतं.

दगड कसा वाचायचा ते वॅगनर यांच्याकडून शिकावं. हम्पीत 1439 ची अहमद खानाची मशीद आहे. हा अहमद खान विजयनगरचा राजा दुसरा देवराय याच्या पदरी होता. बाहेरून ती चक्क खांबांचा मंडप वाटते, कमान नाही की घुमट नाही. आत गेल्यावर पश्चिमेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, दिसतो. शेजारच्या कबरीला मात्र कमानी आहेत, घुमटही आहे. म्हणजे घुमट बांधता येत होता, तरी मशीद मंडपासारखी बांधली. शिलालेख कन्नडमध्ये, आणि पुण्य देवरायाला लाभावं म्हणून.

आता यावरून 'तेव्हा सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते' असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. पुढे विजयनगरचा कारभार हाती घेणारा रामराय तरुणपणी गोवळकोंड्याच्या सुलतानाच्या चाकरीत होता. इब्राहिम कुतुबशहा गोवळकोंड्याचा सुलतान होण्याआधी सात वर्षं विजयनगरच्या आश्रयाला होता. आणि 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत हेच दोघं समोरासमोर उभे ठाकले. घरोबा होता म्हणून तलवारी म्यान झाल्या नाहीत. आणि ज्या शेतकऱ्याच्या रानातून दोन्ही फौजा जायच्या, त्याचं नाव यातल्या एकाही कागदात नाही. या अभ्यासाची ही खरी मर्यादा.

मराठी विद्यार्थ्याला वाव आहे का? भरपूर. सोलापूर आणि परांडा हा निजामशाही-आदिलशाही हद्दीचा पट्टा घ्या. सोलापूरचा किल्ला 1524 च्या सोयरिकीत आदिलशाहीनं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला हुंडा म्हणून कबूल केला होता, तो दिला नाही म्हणून लढाई झाली, आणि पुढे चांदबिबीच्या लग्नात तोच किल्ला पुन्हा बोलण्यात आला. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ मुळात 1549 ची अहमदनगरची, विजापूरला जाण्याआधी परांड्याला होती. फारसी शिकायला लागेल, कन्नडची ओळख हवी, आणि उन्हात तटावरून फिरायची तयारी. आधी एकदा सोलापूरहून गाडीत बसा, कलबुर्गी-वाडीवरून रायचूरला उतरा. किल्ल्याच्या तटात 1294 चा चाळीस फुटांहून लांब एकसंध दगड आहे, त्यावर वरंगळच्या काकतीय राजांच्या काळातला लेख आहे आणि तोच दगड रेड्यांच्या गाड्यावरून ओढून आणतानाचं चित्रही कोरलंय. गाईडशिवाय पटकन सापडत नाही, विचारत जा.