एकच डिटेक्टर, पण उत्तम?

प्रश्न: विश्वाचं सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण (महास्फोटानंतर उरलेला मंद प्रकाश) मोजायला चिलीतल्या सायमन्स वेधशाळेत 60,000 डिटेक्टर लागतात, असं वाचलं. त्याऐवजी एकच अतिसंवेदनशील डिटेक्टर का बनवत नाहीत? आणि त्यातले काही बिघडले तर?

उत्तर: तसा डिटेक्टर केव्हाच बनून झालाय! अडचण प्रारणाची आहे. फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत, आणि त्यांच्या येण्यातली ही अनियमितताच आता मुख्य गोंगाट, म्हणजे मोजमापातला निरर्थक चढउतार, आहे. डिटेक्टर कितीही सुधारला तरी तो जात नाही, सरासरी काढली की घटतो. डिटेक्टर चौपट केले तर गोंगाट निम्मा.

त्यामुळे डिटेक्टर बनवायच्या धूळमुक्त क्लीनरूममध्ये आमची खरी झटापट सारखेपणासाठी असते. 150 मिलिमीटरच्या सिलिकॉन वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, हजाराहून जास्त डिटेक्टर बसतात. प्रत्येकात सिलिकॉन नायट्राइडच्या बारीक पायांवर तोललेलं बेट, आणि त्यावर अॅल्युमिनियम-मँगनीजचा पातळ थर. हा थर तापमापक असतो: प्रारणाने बेट किंचित तापलं की त्याचा विद्युतरोध बदलतो. शुद्ध अॅल्युमिनियम 1.2 केल्विनला (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर) अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. किंचित मँगनीज घातलं की हे तापमान 0.16 केल्विनच्या आसपास उतरवता येतं. शेवटची जुळणी वेफर भाजून करतात. एवढ्या महागड्या यंत्रांच्या गर्दीत निर्णायक काम साधी हॉटप्लेट करते, याची मला अजून गंमत वाटते.

या तापमानात 5 टक्के चूक झाली, तर डिटेक्टर किती शक्ती पेलू शकेल यात 20 ते 25 टक्के फरक पडतो. ही क्षमता कमी पडली तर वातावरणाच्या उष्णतेनेच तो आंधळा होतो, जास्त झाली तर गोंगाट वाढतो. शिवाय शंभरेक डिटेक्टरांना वीज एकाच तारेतून मिळते. एकेकाला वेगळं सांभाळायची सोय नाही.

खोलीच्या तापमानाला तपासून तुटलेली किंवा चिकटलेली तार तेवढी सापडते. अतिवाहकता कळायला वेफर 0.1 केल्विनपर्यंत न्यावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. म्हणून सोबत बनवलेल्या छोट्या साक्षीदार चिप आधी थंड करून बघतो.

काही डिटेक्टर मरतातच. आकाशाचा नकाशा करताना ते वगळतात. दोनचार मेले म्हणून कुणी वेफर बदलत नाही. वेफर ज्यात बसवतात तो मोठा कॅमेरा गरम करून परत थंड करण्यात निरीक्षणाचे आठवडे बुडतात, आणि तो हिशेब परवडत नाही.