‘राइट ऑफ’ झालं, मग नोटीस काऊन आली?

आर्वीजवळच्या एका गावातल्या मुलीनं विचारलं आहे, ‘बाबांचं पीककर्ज राइट ऑफमध्ये गेलं असं बँकेत सांगितलं. घरी सगळे खूश झाले. अन् दोन महिन्यांनी वसुलीची नोटीस आली. राइट ऑफ म्हणजे माफच ना?’

नाही बेटा. आणि हा घोटाळा एकट्या तुमच्या घरचा नाही, गावोगावचा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असतं. बाकं, खुर्च्या, घंटा, सगळ्याची नोंद त्यात. वस्तू मोडली, दुरुस्तीपलीकडे गेली की मंजुरी घेऊन तिचं ‘निर्लेखन’ करायचं. आमच्याकडे एका हात तुटलेल्या खुर्चीपुढे लाल शाईनं ‘निर्लेखित’ असा शेरा पडला. रजिस्टरातून खुर्ची गेली. व्हरांड्यात मात्र ती होतीच, शिपाई तिच्यावरच बसायचा. ‘राइट ऑफ’ला सरकारी मराठीत हाच शब्द आहे, निर्लेखित करणे.

बँकेच्या ताळेबंदात तुझ्या बाबांचं कर्ज ‘येणे’ म्हणून मांडलेलं असतं. ते लवकर हाती येणार नाही असं दिसलं की बँक आपल्या नफ्यातून तेवढी तरतूद करते आणि ती रक्कम येण्यातून उतरवते. ‘ऑफ’मध्ये हे उतरवणं आहे. पुष्कळदा तर ही नोंद मुख्य कार्यालयाच्या पातळीवरच होते आणि शाखेत कर्जखातं जसंच्या तसं राहतं. वही बँकेची, शेरा बँकेचा. बाबांच्या डोक्यावरचं देणं त्यानं हलत नाही, वसुली चालूच राहते.

माफीचा इंग्रजी शब्द वेगळा, ‘वेव्ह’. आपला हक्क आपण होऊन सोडणे. मराठीत आपण ‘पाणी सोडलं’ म्हणतो, दान देताना हातावरून सोडायच्या उदकावरून, तेच हे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी या जातीची. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं पात्र थकीत कर्ज तीत पूर्ण माफ होतं. आपल्या कोरडवाहू भागात सात-आठ एकरवाला काही सुखी नसतो, पण पाच एकरांची रेघ ओलांडली म्हणून तो पूर्ण माफीबाहेर राहिला, हे मला आजही खुपतं. पुढे २०१७ मध्ये राज्यानं दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत कर्जमुक्ती दिली. त्यात पैसे सरकारनं भरले. राइट ऑफमध्ये कुणीच भरत नाही.

घोटाळ्यात भर घातली ती ‘वेव्ह ऑफ’ या जोडशब्दानं. आपल्याकडच्या बातम्यांत तो सर्रास येतो. पण माफीच्या ‘वेव्ह’ला ‘ऑफ’ लागत नाही. ते ‘राइट ऑफ’चं शेपूट इकडे चिकटलं आहे. ‘वेव्ह ऑफ’ अशी जोडी इंग्रजीत आहे, पण त्यातला ‘वेव्ह’ हात हलवण्याचा, स्पेलिंगही निराळं. त्याचा अर्थ हात हलवून निरोप देणे किंवा दूर सारणे.

वहीबाहेर ‘राइट ऑफ’ वापरताना मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. अपघातात चुराडा झालेली गाडी विमावाले राइट ऑफ करतात, ती भंगारात गेली. माणसाला राइट ऑफ केलं तर ‘मोडीत काढलं’, फुटक्या भांड्यासारखं. आणि पिकाला? ऑगस्टच्या झडीत आमच्या खोलगट वावरात पाणी साचलं, पराटी पिवळी पडली. शेजारचे काका बांधावरूनच म्हणाले, ‘गेल्यात जमा धर हे, मास्तर.’ ‘राइट इट ऑफ’चं याहून चांगलं मराठी मला सापडलं नाही. त्यातही वहीच आहे पाहा, ‘जमा’ धरायची ती गेल्यात! (इंग्रजी वाक्यात ‘इट’ मधेच बसतो, ‘राइट ऑफ इट’ चालत नाही.) ‘लिहून टाकणे’ असं भाषांतर मात्र कधी करू नकोस.

आता एक काम कर. बाबांसोबत शाखेत जा आणि खातेउतारा माग. बाकी शून्य दिसली तर बेबाकीचा दाखला द्या म्हण. बे-बाकी, म्हणजे काही बाकी नाही. तो मिळाला तर माफ. शाखा तो द्यायला तयार नसेल, तर कर्ज उभं आहे असं समज आणि नोटिशीला उत्तर देण्याआधी एकरकमी तडजोडीची सवलत चालू आहे का, ते तिथंच विचार.